मागचा लेख, पुढचा लेख: वेबसाइटवर लिंक जोडण्याची रीत

बडोद्यातल्या मराठी मंडळांच्या आणि वाचनालयांच्या वेबसाइट आता घरचीच मुलं तयार करतात. कोणी कॉम्प्युटर शिकत असतं, कोणी नोकरी सांभाळून संध्याकाळी वेळ देतं. लेख टाकता येतो, फोटो दिसतो, मुखपृष्ठावर यादी उघडते, इथपर्यंत सगळ्यांचं छान जमतं. अडतं ते लेखाच्या शेवटी. वाचक शेवटच्या ओळीपर्यंत येतो आणि पान संपतं. पुढचं वाचायला त्याला परत यादीवर जावं लागतं, मघाशी आपण कुठे होतो ते शोधावं लागतं, आणि बरेच जण तेवढे कष्ट न घेता पान बंद करतात.

म्हणून लेखाखाली दोन लिंक हव्यात: मागचा लेख आणि पुढचा लेख. काम लहान दिसतं, आणि कोड खरंच थोडा आहे. पण नव्याने शिकणाऱ्याला यात डेटाबेसच्या कितीतरी गोष्टी पहिल्यांदा नीट कळतात, म्हणून मी हे काम मुद्दाम सुरुवातीला करायला सांगतो. तुम्हाला टेबल म्हणजे काय, क्वेरी म्हणजे काय आणि टेम्प्लेटमध्ये माहिती कशी दाखवतात एवढं ठाऊक असलं की पुरे. पायथॉन आणि जँगो (पायथॉनमध्ये वेबसाइट तयार करायची चौकट) वापरत असाल तर त्यातले शब्द जागोजागी सांगितले आहेत. पीएचपी किंवा आणखी काही वापरत असाल तरी विचार तोच राहतो. खालच्या क्वेरी मी मराठीत मांडल्या आहेत. फाइलमध्ये लिहिताना त्या अर्थातच सिलेक्ट, व्हेअर, ऑर्डर बाय आणि लिमिट या नेहमीच्या शब्दांत, इंग्रजी लिपीत टाइप करायच्या.

कोडच्या आधी क्रम ठरवा

एडिटर उघडण्याआधी मंडळातल्या मोठ्यांना एक प्रश्न विचारा: आपल्या वेबसाइटवर 'पुढचा' लेख म्हणजे नेमका कुठला? आज टाकलेल्या लेखानंतर उद्या टाकलेला? की इतिहासात त्यानंतर घडलेल्या गोष्टीवरचा?

बातम्या, सूचना, कार्यक्रमांचे वृत्तांत असतील तर प्रकाशनाची तारीख हाच क्रम बरोबर. पण समजा वेबसाइट जुन्या बडोद्यावर आहे. लेख लिहिणारे आपापल्या सवडीने देतात. लक्ष्मी विलास राजवाड्यावरचा लेख आधी आला, राजवाडा १८९० चा. मग कोणी कमाटीबागेवर लिहिलं, ती १८७९ ची. प्रकाशनाच्या क्रमाने गेलं तर वाचक राजवाड्यावरून अकरा वर्षं मागे जातो, तिथून ग्रंथालयाकडे येतो आणि मग न्यायमंदिराकडे परततो. सयाजीराव महाराजांच्या काळात एकेक गोष्ट कशी उभी राहत गेली हे त्याच्या हाती लागतच नाही. अशा वेबसाइटला घटनेच्या वर्षाचाच क्रम हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. निर्णय मात्र संपादकांचा. तो घेतल्याशिवाय कोड लिहिला तर नंतर तो दोनदा लिहावा लागतो.

मुखपृष्ठावरची यादी नव्याकडून जुन्याकडे लावलेली असली तरी बिघडत नाही. यादी उलटी आणि लिंक सुलट्या असं चालतं. फक्त 'पुढचा' म्हणजे काळाने नंतरचा हे एकदा ठरलं की सगळ्या वेबसाइटवर तेच ठेवा.

टेबल तपासा

या कामासाठी लेखांच्या टेबलमध्ये एवढे रकाने लागतात: क्रमांक (प्रत्येक लेखाला डेटाबेस आपोआप देतो तो आयडी), शीर्षक, पत्ता (यूआरएलमध्ये येणारा स्लग), स्थिती (ड्राफ्ट किंवा प्रकाशित), प्रकाशनाची वेळ आणि घटनेचं वर्ष.

वर्षाच्या रकान्याकडे जरा थांबून बघा. तो पूर्णांक, म्हणजे इंटिजर प्रकारचा असला पाहिजे. मराठी वेबसाइटवर तो बरेचदा मजकूर म्हणून ठेवलेला सापडतो, कारण लिहिणारे 'इ.स. १८९०' किंवा 'सुमारे १८८६' असं भरतात. मजकूर म्हणून ठेवलेल्या वर्षांची तुलना संख्येसारखी होत नाही, ती अक्षराअक्षराने होते. त्यातून काही जणांनी देवनागरी अंक वापरले आणि काहींनी इंग्रजी, तर साध्या क्रमवारीत देवनागरी अंक इंग्रजी अंकांच्या नंतर येतात. मग देवनागरीत लिहिलेलं १८७९ हे इंग्रजीत लिहिलेल्या १९४९ च्याही पुढे जाऊन बसतं. रकाना पूर्णांक केला की हा घोळ मिटतो. जुना डेटा बदलायचा असेल तर पायथॉनचं इंट हे फंक्शन देवनागरी अंकही ओळखतं. 'इ.स.' आणि 'सुमारे' तेवढे आधी काढून टाका. 'सुमारे' वाचकाला दिसायलाच हवं असेल तर त्यासाठी वेगळा मजकुराचा रकाना करा.

सरावासाठी हा नमुना घ्या. डावीकडे आयडी आहे, म्हणजे लेख टाइप झाल्याचा क्रम:

१ – लक्ष्मी विलास राजवाडा – १८९०
२ – कमाटीबाग – १८७९
३ – मध्यवर्ती ग्रंथालय – १९१०
४ – न्यायमंदिर – १८९६
६ – मौलाबक्षांची गायनशाळा – १८८६
७ – ग्रंथपाल बॉर्डन बडोद्यात – १९१०
८ – महाराजा सयाजीराव विद्यापीठ – १९४९ (अजून ड्राफ्ट)
९ – बँक ऑफ बडोदा – १९०८

पाचवा क्रमांक नाही. तो लेख कोणीतरी काढून टाकला असं समजा. नमुन्यात ही खोट मुद्दाम ठेवली आहे, १९१० चे दोन लेख आणि एक ड्राफ्टही मुद्दामच. खऱ्या वेबसाइटवर हे सगळं असतंच. गुळगुळीत नमुन्यावर चाचणी केली तर चुका लपून राहतात.

आयडीत एक मिळवू नका

पहिला विचार सगळ्यांच्या मनात हाच येतो: चालू लेखाचा आयडी ४, तर मागचा ३ आणि पुढचा ५. वरच्या नमुन्यात हे करून बघा. न्यायमंदिराच्या पुढे पाचवा लेख नाही, म्हणून वाचकाला 'पान सापडलं नाही' दिसेल. सातव्याच्या पुढे आठवा आहे, पण तो ड्राफ्ट, म्हणजे अर्धवट लेख वाचकासमोर उघडा पडेल. आणि जिथे लिंक चालते तिथेही क्रम टाइप करण्याचा, इतिहासाचा नाही. आयडी ही ओळखखूण आहे. सलग असण्याचं वचन डेटाबेस देत नाही.

दोन प्रश्न, दोन क्वेरी

आता मुख्य काम. वाचक राजवाड्याच्या लेखावर आहे, वर्ष १८९०. डेटाबेसला विचारायचं: १८९० नंतरच्या प्रकाशित लेखांपैकी सगळ्यात जवळचा कुठला?

निवडा: शीर्षक, पत्ता
टेबल: लेख
अट: स्थिती प्रकाशित आणि वर्ष १८९० पेक्षा जास्त
क्रम: वर्ष चढता
मर्यादा: १

अटीत बसतात १८९६, १९०८ आणि १९१० चे दोन. चढत्या क्रमाने लावले की पहिलं येतं १८९६, न्यायमंदिर. बरोबर.

मागच्यासाठी अट उलटते आणि तिच्याबरोबर क्रमही:

निवडा: शीर्षक, पत्ता
टेबल: लेख
अट: स्थिती प्रकाशित आणि वर्ष १८९० पेक्षा कमी
क्रम: वर्ष उतरता
मर्यादा: १

अटीत बसतात १८७९ आणि १८८६. उतरत्या क्रमाने पहिलं येतं १८८६, गायनशाळा. हेही बरोबर.

नव्या मंडळींची सर्वात जास्त फसगत इथेच होते: अट उलटवतात आणि क्रम तसाच ठेवतात. मागच्याच्या क्वेरीत क्रम चढता राहिला तर कुठल्याही लेखावरून मागे जा, उत्तर कमाटीबागच येणार, कारण सगळ्यांत जुनी तीच. रांगेत आपल्या लगेच पुढे कोण उभं आहे हे विचारायचं होतं, आणि विचारलं गेलं की रांगेच्या टोकाला कोण आहे. लेख दोन-तीनच असतील तर ही चूक कळतही नाही, कारण टोकाचा आणि शेजारचा एकच असतो. म्हणून चाचणीला निदान सहा-सात लेख घ्या.

१८९० ही संख्या क्वेरीत हाताने लिहायची नाही हे उघड आहे. ती चालू लेखातून येते. पण ती क्वेरीच्या मजकुराला जोडून वाक्य तयार करू नका. क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवा आणि किंमत वेगळी पाठवा, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये तशी सोय आहे, इतर डेटाबेसमध्येही आहे. मजकूर चिकटवून केलेल्या क्वेरीत बाहेरचा माणूस आपली आज्ञा घुसवू शकतो. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. जँगोत फिल्टर वापरलं की ही काळजी जँगो घेतं: फिल्टरमध्ये अट, ऑर्डर_बायमध्ये क्रम (उतरत्यासाठी नावाआधी वजाचं चिन्ह), आणि शेवटी फर्स्ट. फर्स्टचा फायदा असा की काहीच सापडलं नाही तर प्रोग्रॅम बंद पडत नाही, रिकामं उत्तर येतं.

एकाच वर्षाचे दोन लेख

आता १९१० कडे वळा. विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बडोद्याला आणलं आणि मध्यवर्ती ग्रंथालयाचं सालही तेच. दोन्ही लेखांचं वर्ष सारखं.

वाचक बँक ऑफ बडोदाच्या लेखावर आहे, १९०८. पुढचा लेख १९१० चा, पण दोघांपैकी कुठला? क्रम फक्त वर्षाने लावला असेल तर डेटाबेस कुठलाही देऊ शकतो, आणि आज दिला तोच उद्या देईल याची खात्री नाही. समजा ग्रंथालय दिलं. वाचक ग्रंथालयावर आला आणि पुढे गेला. आता अट आहे १९१० पेक्षा जास्त. बॉर्डन १९१० चेच, म्हणून ते अटीत बसत नाहीत. विद्यापीठ ड्राफ्ट आहे. म्हणजे उत्तर येतं 'पुढे काही नाही'. बॉर्डनवरचा लेख साखळीतून गळालाच. तो लिहिणाऱ्याने मेहनत घेतली असेल, आणि लिंकवरून कोणीच त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

यावर काही जण 'पेक्षा जास्त' च्या जागी 'जास्त किंवा बरोबर' करतात. त्याने तर वाचक ग्रंथालयावरून पुन्हा ग्रंथालयावरच येतो, किंवा दोन लेखांमध्ये फिरत राहतो.

उपाय असा: वर्ष सारखं असेल तेव्हा निवाडा करायला दुसरा रकाना घ्या, जो कधीच सारखा नसतो. आयडी त्यासाठी उत्तम. इथे तो शेजारी शोधायला नाही, फक्त बरोबरी मोडायला वापरतोय. पुढच्या लेखाची अट अशी होते:

वर्ष चालू वर्षापेक्षा जास्त,
किंवा
वर्ष चालू वर्षाइतकंच आणि आयडी चालू आयडीपेक्षा जास्त
क्रम: वर्ष चढता, मग आयडी चढता

आणि मागच्या लेखाची:

वर्ष चालू वर्षापेक्षा कमी,
किंवा
वर्ष चालू वर्षाइतकंच आणि आयडी चालू आयडीपेक्षा कमी
क्रम: वर्ष उतरता, मग आयडीसुद्धा उतरता

दुसऱ्या क्वेरीत आयडी उतरता करायला विसरू नका. विसरलात, तर पुढे विद्यापीठाचा लेख प्रकाशित झाल्यावर तिथून मागे जाताना बॉर्डनऐवजी थेट ग्रंथालय येईल. पुढे जाताना सगळे लेख लागतात, मागे येताना एक सुटतो, अशी तक्रार आली की आधी हीच ओळ तपासा.

'किंवा' ची ही जोडी आणि 'स्थिती प्रकाशित' ही अट एकत्र लिहिताना कंस नीट द्या. 'आणि' आधी बांधलं जातं, 'किंवा' नंतर. कंस नसेल तर स्थितीची अट अर्ध्याच भागाला लागते आणि ड्राफ्ट मागच्या दाराने आत येतात. जँगोत 'किंवा' साठी क्यू ऑब्जेक्ट आहेत, त्यात दोन्ही भाग जोडून एकाच फिल्टरला द्यायचे.

एकाच वर्षातल्या लेखांचा क्रम आयडीवर सोडणं संपादकांना पसंत नसेल तर 'वर्षातला क्रम' असा छोटा रकाना वाढवा. त्यात १०, २०, ३० असे अंक भरा, म्हणजे मध्ये नवा लेख आला तर १५ देता येतो. तरीही शेवटी आयडी ठेवाच, कारण दोन जण कधीतरी तोच अंक भरतात.

ड्राफ्ट आणि वेळ लावून ठेवलेले लेख

ड्राफ्टची अट वर आलीच. तिला जोडून आणखी एक लागते. गणेशोत्सवाचा लेख संपादक आठवडाभर आधी तयार करतात आणि चतुर्थीच्या सकाळी सहाची वेळ लावतात. त्याची स्थिती 'प्रकाशित', पण वेळ अजून यायची आहे. म्हणून दोन्ही क्वेरींत एवढं घाला: प्रकाशनाची वेळ आत्ताच्या वेळेपेक्षा जास्त नसावी.

'आत्ता' कुठल्या घड्याळातलं हेही पाहा. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली वेळ त्याहून साडेपाच तास पुढे. बडोद्यातले सकाळचे सहा म्हणजे यूटीसीचे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. डेटाबेसमध्ये भारतीय वेळ भरली आणि तुलना यूटीसीशी केली, तर लेख सहाऐवजी साडेअकराला दिसेल, तोवर आरती होऊन गेलेली असते. जँगोत टाइमझोनची सेटिंग चालू ठेवून 'एशिया/कोलकाता' द्या आणि वेळ घेताना जँगोच्या टाइमझोन मॉड्यूलमधलंच नाऊ वापरा.

या सगळ्या अटी एकाच ठिकाणी लिहाव्यात हे उत्तम. मॉडेलमध्ये 'दिसणारे लेख' देणारी एक पद्धत करा, आणि यादी, शोध, मागचा, पुढचा, सगळ्यांनी तिच्याकडूनच लेख मागावेत. उद्या 'फक्त सभासदांसाठी' अशी नवी स्थिती आली तर एकच ओळ बदलावी लागते.

तयार सोयी

जँगोत तारखेच्या रकान्यावर मागचा-पुढचा देणारी तयार फंक्शनं आहेत, नावं गेट_नेक्स्ट_बाय आणि गेट_प्रीव्हियस_बाय अशी सुरू होतात आणि पुढे रकान्याचं नाव जोडलं जातं. ती तारीख सारखी असेल तेव्हा आयडीने निवाडा करतात, म्हणजे वरचा सगळा त्रास वाचतो. पण तो रकाना रिकामा ठेवण्याची मुभा नसावी, ड्राफ्ट गाळायची अट आपण वेगळी द्यावी लागते, आणि पुढे काही नसेल तर रिकाम्या उत्तराऐवजी एरर येते, ती पकडावी लागते. वर्डप्रेसमध्येही तयार फंक्शनं आहेत, ती प्रकाशनाच्या तारखेने चालतात. प्रकाशनाचा क्रम हवा असेल तर बेलाशक वापरा. इतिहासाच्या वर्षाचा क्रम हवा असेल तर आपल्या क्वेरी आपणच लिहिणं सोपं पडतं. आणि एकदा हाताने लिहून बघितल्याशिवाय तयार फंक्शन आत काय करतं ते कळत नाही.

पानावर मांडणी

व्ह्यूमध्ये दोन्ही उत्तरं काढा आणि टेम्प्लेटला 'मागचा' आणि 'पुढचा' या नावांनी द्या. टेम्प्लेटमध्ये आधी विचारायचं: मागचा आहे का? असेल तरच लिंक. पुढच्याचंही तसंच. पहिल्या लेखावर मागची लिंक पुसट रंगात ठेवणं मला पटत नाही. जी दाबून काही होत नाही ती दाखवूच नये. शेवटच्या लेखावरून परत पहिल्यावर नेणंही नको, वाचकाला वाटतं आणखी नवे लेख आहेत आणि तो वाचलेल्यावरच येऊन पडतो. तिथे 'सर्व लेख' ही यादीची लिंक द्या.

लिंकवर नुसतं 'पुढे' लिहू नका. लेखाचं शीर्षक द्या: 'पुढचा लेख: न्यायमंदिर'. दांडिया बाजारातल्या एका काकूंना मी अशा पानावर वाचताना पाहिलं. फोन डाव्या हातात, अंगठा पडद्याच्या खालच्या कडेला. 'पुढे' अशी छोटी अक्षरं होती तिथे त्यांचा अंगठा दोनदा बाजूला पडला, मग त्या म्हणाल्या, "हे जाहिरातीचं आहे का रे?" आणि दाबलंच नाही. शीर्षक दिसलं तेव्हा विचारावं लागलं नाही. "अगं बाई, गायनशाळेवर पण आहे!" म्हणत त्यांनी थेट दाबलं.

अंगठ्याला जागा मिळेल एवढी लिंक मोठी करा. वेबच्या सुलभतेचे नियम, डब्ल्यूसीएजी २.२, किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगतात आणि वरच्या पातळीसाठी ४४ बाय ४४. मी ४४ च्या खाली जात नाही. मोठ्या पडद्यावर मागचा डावीकडे, पुढचा उजवीकडे. फोनवर दोन्ही एकाखाली एक, पूर्ण रुंदीचे. फक्त सीएसएसने त्यांची अदलाबदल करू नका: कीबोर्डवरची टॅब कळ एचटीएमएलच्या क्रमाने जाते, आणि डोळ्यांना एक क्रम, कळीला दुसरा असं झालं की कीबोर्डवर चालणाऱ्यांची पंचाईत होते.

शीर्षकं लांब असतात, म्हणून ती कोडमध्ये कापायचा मोह होतो. मराठीत तो टाळाच. पायथॉनच्या हिशेबी 'न्यायमंदिर' या शब्दात दहा चिन्हं आहेत, कारण हलन्त, काना, अनुस्वार आणि वेलांटी वेगवेगळे मोजले जातात. पहिली आठ घेतली तर उरतं 'न्यायमंद', पहिली दोनच घेतली तर पाय मोडलेला 'न्'. शीर्षक पूर्ण द्या आणि दोन ओळींत मावू द्या. अगदीच छाटायचं असेल तर सीएसएसला ओळींच्या हिशेबाने छाटायला सांगा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या निदान दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकतात.

दोन्ही लिंक नॅव्ह टॅगमध्ये ठेवा आणि त्याला 'लेखांमधली वाट' असं एरिया-लेबल द्या. बाण काढणार असाल तर ते एरिया-हिडन करा, म्हणजे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर शीर्षकाआधी 'उजवा बाण' म्हणत बसणार नाही. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याची खूण नसेल तर तीही घाला, उच्चार त्यावरच ठरतात. लिंकला रेल या गुणधर्मात प्रेव्ह आणि नेक्स्ट लिहिणं एचटीएमएलच्या नियमांत बसतं, अवश्य लिहा. गूगल मात्र पानांची साखळी ओळखायला ही खूण वापरत नाही, हे त्यांनी २०१९ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे शोधात वर येण्याची आशा त्यावर ठेवू नका.

लिंकचा पत्ता हाताने जोडून तयार करू नका. जँगोत मॉडेलला गेट_ॲब्सोल्यूट_यूआरएल ही पद्धत द्या आणि तीच वापरा. उद्या पत्त्यांची रचना बदलली तरी लिंक तुटत नाहीत.

चाचणी

आधी हाताने. सर्वात जुन्या लेखावर जा, म्हणजे नमुन्यात कमाटीबागेवर. तिथे मागची लिंक नसली पाहिजे. पुढे-पुढे दाबत जा आणि शीर्षकं कागदावर लिहा: कमाटीबाग, गायनशाळा, राजवाडा, न्यायमंदिर, बँक, ग्रंथालय, बॉर्डन. विद्यापीठ येता कामा नये. बॉर्डनवर पुढची लिंक नसावी, सर्व लेखांची असावी. तिथून मागे-मागे या. यादी तंतोतंत उलटी मिळाली पाहिजे.

मग तीच चाचणी कोडमध्ये लिहा. पहिल्या लेखापासून पुढे जात राहायचं आणि लेख मोजायचे. संख्या दिसणाऱ्या लेखांइतकीच हवी. कमी आली तर कुठला तरी गळतोय, फेरी संपतच नसेल तर कुठेतरी गोल फिरतोय. आणि प्रत्येक लेखासाठी: पुढच्याचा मागचा म्हणजे तोच लेख आला पाहिजे. या दोन तपासण्यांत वर सांगितलेली जवळजवळ प्रत्येक चूक सापडते. त्यानंतर विद्यापीठाचा लेख प्रकाशित करा, न्यायमंदिराचा ड्राफ्ट करा, आणि पुन्हा चालवून बघा.

वेग आणि साठवलेली पानं

काहीशे लेखांपर्यंत वेगाची चिंता करायचं कारण नाही. पुढे लेख वाढले तर स्थिती, वर्ष आणि आयडी या तिन्हींवर मिळून एक इंडेक्स (डेटाबेसला लवकर शोधता यावं म्हणून केलेली सूची) करा, त्याच क्रमाने. तीन वेगळे नकोत.

पानं कॅशमध्ये ठेवत असाल किंवा आधीच तयार करून सर्व्हरवर चढवत असाल, तर एक काम उरतं. नवा लेख आला की त्याचं एकच पान बदलत नाही. त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची पानंही जुनी होतात, कारण त्यांच्या लिंक बदलल्या. विद्यापीठाचा लेख प्रकाशित झाला तर बॉर्डनचं पान पुन्हा तयार व्हायला हवं, नाहीतर तिथे 'सर्व लेख' हीच लिंक राहील. लेख काढून टाकला तर त्याच्या जुन्या जागेचे दोन शेजारी, आणि त्याचं वर्ष सुधारलं तर जुन्या जागेचे दोन आणि नव्या जागेचे दोन, असे चार शेजारी तपासायचे. म्हणून सेव्ह करण्याआधी जुने शेजारी शोधून ठेवा, सेव्ह झाल्यावर नवे शोधा आणि या सगळ्यांची पानं कॅशमधून काढा.